संतवाणीच्या भाषांतराचा अधिकारी

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावरून सकाळी निघालेला माणूस गंगाखेडला जाऊन दिवस मावळायच्या आत परत येऊ शकतो. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव. नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले तरी १९९९ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही परभणीतच होते. म्हणजे ज्या घरातला धनी नामा आणि दासी जनी, त्या घरातल्या दोघांचीही मुळे या एवढ्याशा मुलखात आहेत. त्या जनीचे अभंग आज इंग्रजीत वाचायला मिळतात, आणि ते तिकडे नेणाऱ्यांची नावे पाहिली तर त्यांत वारकरी थोडेच सापडतात. कोणी मुंबईचा आधुनिक कवी, कोणी स्कॉटलंडहून आलेला मिशनरी, कोणी विद्यापीठातला अभ्यासक. बहुतेकांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती. यातून जो प्रश्न उभा राहतो तो साहित्याचा आहे तितकाच धर्माचाही आहे. विठ्ठल आहे, तो विटेवर उभा आहे आणि हाक मारली की येतो, असे ज्याला वाटत नाही त्याने जनीचा अभंग दुसऱ्या भाषेत न्यावा का? आणि नेला तर पलीकडे पोचतो तो जनीचाच असतो का?

वेदान्ताचा प्रकरणग्रंथ उघडला की आरंभी चार गोष्टींचा खुलासा येतो: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कोणासाठी आहे आणि तो हाती धरायला कोण पात्र आहे, हे आधी ठरवायचे, मग पुढे जायचे. भाषांतराच्या बाबतीत हा प्रश्न आपण क्वचितच नीट विचारतो. श्रद्धावंत मात्र तो मनातल्या मनात विचारत असतो आणि त्याचे उत्तर ठरलेले असते. तो म्हणतो, अभंग ही नुसती रचना नव्हे, तो अनुभवाचा उद्गार आहे. ज्याला तो अनुभव आला नाही, निदान तो यावा अशी ज्याला ओढ नाही, त्याच्या हाती शब्दांची टरफले तेवढी लागणार. हे म्हणणे हलके नाही आणि ते झटकून टाकता येत नाही. श्रद्धा म्हणजे एखाद्या विधानाला मान डोलावणे नव्हे. एकादशीचा उपास, पहाटेचा काकडा, आषाढीची वाट, दिंडीतला टाळ, घरातल्या म्हातारीने दळताना म्हटलेली ओवी, अशा सगळ्या जगण्यात ती मुरलेली असते, आणि अभंगातल्या शब्दांचे अर्थही त्याच जगण्यात मुरलेले असतात. बाहेरून येणाऱ्याला शब्दकोश मिळतो, ते जगणे मिळत नाही. तरीही मला हे उत्तर चुकीचे वाटते. भाषांतराचा अधिकार श्रद्धेने येत नाही. दुसऱ्याच्या वाक्याशी इमान राखण्याच्या दीर्घ अभ्यासाने तो येतो. श्रद्धा त्या अभ्यासाला बळ देऊ शकते, तशी ती त्याच्या आडही येऊ शकते.

आड कशी येते हे जनीच्याच अभंगांत दिसते. जनीचा विठ्ठल गाभाऱ्यात फारसा थांबत नाही. तो तिच्याबरोबर जात्यावर बसतो, केर भरतो, शेणी वेचायला रानात जातो. एका अभंगात जनी न्हायला बसली आहे, पाणी कढत आहे आणि विसणाला गार पाणी नाही, तेव्हा देव धावत पाणी घेऊन येतो. एका दासीच्या न्हाणीत देव येतो आणि तिथे त्याला विसणाचे पाणी आणण्याचेच काम असते. यात चमत्काराचा डामडौल नाही. घरातले कोणी हाकेसरशी यावे तसा तो येतो. दुसरीकडे हीच जनी विठ्ठलाला एकेरीत हाका मारते, शिव्या घालते, त्याच्या बायकोला रांडाव म्हणते, तो मेला म्हणून मोकळी होते. या अभंगावर कीर्तन करणारे बुवा सहसा सांगतात की हा प्रेमकलह आहे, विरहाच्या पराकोटीचे हे बोल आहेत, वरून शिवी दिसली तरी आत भक्तीच आहे. निरूपण म्हणून ते योग्य असेल. पण हेच बुवा भाषांतराला बसले तर ते निरूपण ओळीच्या आत शिरेल. शिवीची धार बोथट होईल, रांडाव बायको गळून जाईल आणि जनी आपल्याला हवी तशी सोज्वळ होईल. जिची भक्ती आपण मानतो तिनेच उच्चारलेले शब्द तिच्या नावाला शोभत नाहीत असे वाटणे, ही श्रद्धेतून येणारी खास अडचण आहे. ज्याची श्रद्धा नाही त्याला हा संकोच पडत नाही.

पण श्रद्धा नसलेल्याची वाटही सरळ नाही, आणि हे सांगितल्याशिवाय माझे म्हणणे अर्धवट राहील. त्याला दुसरा मोह पडतो. त्याला जनी बंडखोर हवी असते. शूद्र, दासी, स्त्री, आणि तरी देवाला शिव्या देणारी! मग त्या शिव्या ठळक होतात आणि विठ्ठल हळूहळू विरघळतो. तो एक रूपक होतो, एकाकी बाईच्या कल्पनेतला सोबती होतो. भाषांतरात कुठेही खोटा शब्द नसतो, पण न्हाणीत पाणी घेऊन येणारा देव खरोखर आलेला नसतो. जनीसाठी तो खरोखर आला होता. तिच्या अभंगातले वाक्य ‘जणू आला’ असे म्हणत नाही. ते साधे विधान आहे. ते विधान भाषांतरकाराला पटण्याची गरज नाही, पण विधान म्हणून ते इंग्रजीत उभे राहिलेच पाहिजे. म्हणून पारखायचे ते एवढेच: देव त्या ओळीत जितका हजर आहे तितकाच तो पलीकडे हजर आहे की नाही. भाषांतर करणारा घरी काय पूजतो याने त्यात फरक पडत नाही.

इतिहास तपासला तर याला आधार मिळतो. जे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी १९०९ ते १९१५ या काळात तुकोबांचे अभंग तीन खंडांत इंग्रजीत आणले. ते साधे गद्य आहे. त्यात काव्य कमी पडते, पण तुकोबांना सुधारण्याचा आव नाही. निकल मॅक्निकल या स्कॉटिश मिशनऱ्याने १९१९च्या सुमारास मराठी संतांच्या १०८ रचनांचे पद्यरूप पुस्तक काढले. त्यांना मराठी संतांविषयी मनापासून प्रेम होते, तरी त्यांचा छंद आणि शब्द चर्चमधल्या स्तोत्रांचे आहेत. पंढरीची वाट चालता चालता वाचक नकळत एडिंबरोच्या प्रार्थनामंदिरात जाऊन बसतो. इथे श्रद्धा होती, भक्तीची ओळखही होती, आणि नेमक्या त्या ओळखीनेच घात केला: दुसऱ्याची भक्ती आपल्यासारखीच असणार असे धरून चालण्याने. त्याच काळातला दुसरा मिशनरी जस्टिन ॲबट. अमेरिकन मराठी मिशनमध्ये १८८१ पासून १९१० पर्यंत काम करून तो मायदेशी परतला आणि म्हातारपणाची वर्षे त्याने महाराष्ट्राच्या संतकवींवर घालवली. १९२६ पासून त्याची पुस्तकमाला निघू लागली. भानुदास, एकनाथ, तुकाराम, रामदास यांची महिपतीने लिहिलेली चरित्रे त्यात आली, आणि तुकोबांची शिष्या बहिणाबाईही आली. १९३२ साली ॲबट गेला, तेव्हा महिपतीच्या ‘भक्तविजया’चे काम पंडित नरहर गोडबोले यांच्यासह चालू होते आणि ते नंतर छापून आले. आता महिपतीचे ग्रंथ चमत्कारांनी भरलेले आहेत. रेडा वेद बोलतो, भिंत चालते, बुडालेल्या वह्या तरतात. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला हे सगळे अंधश्रद्धा वाटणे स्वाभाविक होते. पण ॲबटचे पान वाचताना महिपतीच बोलतो, ॲबट मध्ये बोलत नाही. एकाच धर्माचे, एकाच व्यवसायाचे हे दोघे, आणि भाषांतरे इतकी निराळी. मग श्रद्धा हे माप कसे धरायचे?

आपल्या तत्त्वज्ञानाच्या परंपरेत ॲबटच्या या संयमाला फार मोठे स्थान आहे. प्रतिपक्षाचे मत खोडायचे असेल तर आधी ते पूर्वपक्ष म्हणून मांडायचे, आणि तेही त्याच्या पूर्ण जोमाने. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकापासून सुरू होतो. माधवाचार्य वेदान्ती. वेद हे धूर्तांचे काम, परलोक नाही, देह जळला की संपले, हे म्हणणे त्यांना रुचण्यासारखे नव्हते. तरी त्यांनी ते अशा ताकदीने मांडले की चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ लोपल्यावर त्यांच्या मताची ओळख आपल्याला पुष्कळशी या वेदान्त्याच्या पानांवरूनच होते. वाचस्पती मिश्रांनी तर न्यायावर टीका लिहिली, सांख्यावर लिहिली, योगावर लिहिली आणि अद्वैतावर ‘भामती’ही लिहिली. ही दर्शने एकमेकांशी भांडतात. सगळीच एकाच वेळी खरी मानणे शक्य नाही. म्हणून त्यांना अप्रामाणिक कोणी म्हटले नाही. उलट सर्वतंत्रस्वतंत्र म्हणून गौरवले. एखादे मत न मानता ते आतून समजून घेणे, आणि मानणाऱ्याला ‘हेच माझे म्हणणे’ असे वाटेल इतक्या नेमकेपणाने सांगणे, ही पात्रता आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य आहे. भाषांतरकाराकडून मागायची ती हीच.

परदेशीयांच्या बाबतीतही याचा एक जुना दाखला आहे, आणि तो डच आहे. अब्राहम रोजेरियस हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मोपदेशक मद्रासच्या उत्तरेला पुलिकतला होता. तिथे पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाशी त्याची गाठ पडली. दोघांच्या मधली भाषा पोर्तुगीज. त्या बोलण्यांतून जे पुस्तक झाले ते रोजेरियसच्या मरणानंतर १६५१ साली लायडनला छापले गेले. शीर्षकातच त्याने याला दडलेले मूर्तिपूजकत्व म्हटले होते, म्हणजे त्याचे मत उघड होते. पण त्या पुस्तकात भर्तृहरीची नीतिपर आणि वैराग्यपर वचने डच भाषेत आली. संस्कृत काव्य युरोपच्या भाषेत छापून आल्याचा हा पहिला प्रसंग. आपल्याकडे वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तोही याच शतकात. वामन पंडितांना भर्तृहरीचे वैराग्य आपले वाटत होते, रोजेरियसला ते परके वाटत होते. तरी भर्तृहरी दोन्हीकडे पोचला. रोजेरियसच्या पानांवर त्याचे कवित्व पातळ झाले, हे खरे. पण त्याला कारण दोन दोन भाषांतून झालेला प्रवास आहे, अश्रद्धा नव्हे.

यावर आक्षेप येईल की दर्शन ही गोष्ट वेगळी आणि भक्ती वेगळी. सांख्याचे पंचवीस तत्त्वांचे गणित कोणालाही समजून सांगता येते, पण जनीचा कंठ दाटून येणे हे गणित नव्हे. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याला उत्तर दर्शनशास्त्रात नाही, काव्यशास्त्रात आहे. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण सांगितले त्यात श्रद्धेची अट नाही. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे आणि म्हणून जे वर्णिले आहे त्याच्याशी जो तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. अभिनवगुप्त स्वतः निष्ठावान शैव होता, तरी काव्याच्या आस्वादासाठी त्याने दीक्षेची अट घातली नाही. अभ्यास मागितला. भक्तीचा अनुभव घेणे आणि भक्तीच्या उद्गाराशी तन्मय होणे यांत अंतर आहे, ते मी नाकारत नाही. पण भाषांतरकार अनुभव नेत नाही, उद्गार नेतो. जनीचा अनुभव मराठीतसुद्धा आपल्याला मिळालेला नाही. आपल्याला तिचे शब्दच मिळाले आहेत. अनुभव नसेल तर हात लावू नये असे म्हटले तर आपण मराठी वाचकही, एवढेच काय बहुतेक कीर्तनकारही, त्या अभंगांना पारखे होऊ.

अर्वाचीन काळात हा अभ्यास कसा असतो ते दिलीप चित्रे यांच्याकडे पाहून कळते. १९३८ साली बडोद्यात जन्मलेल्या, आधुनिक कवितेत मुरलेल्या या माणसाने तुकारामाशी काही दशके झोंबी घेतली. १९९१ साली पेंग्विनने त्यांचा इंग्रजी तुकाराम छापला. त्याच्या आगेमागे मराठीत ‘पुन्हा तुकाराम’ आले, पुढे १९९६ साली ज्ञानेश्वरांचा ‘अनुभवामृत’ इंग्रजीत आला. १९९४ साली साहित्य अकादमीने त्यांच्या मराठी कवितेचा आणि तुकारामाच्या भाषांतराचा, दोहोंचाही गौरव केला. नंतर त्यांनीच नामदेव ढसाळांना इंग्रजीत नेले. तुकारामाच्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग, त्यांतले काही शेच त्यांनी घेतले. ज्याला शंभर कविता चटपटीत करून द्यायच्या आहेत तो माणूस तीस वर्षे एका कवीपाशी बसत नाही. अरुण कोलटकरांचेही तसेच. ‘जेजुरी’ लिहिणारा कवी देवळात जाऊन नमस्कार करणारा नव्हे, पण त्यांनी तुकाराम, नामदेव, जनाबाई, मुक्ताबाई इंग्रजीत आणले आणि त्यासाठी बोलभाषेतले रोखठोक इंग्रजी निवडले. जनीला राणीच्या इंग्रजीत बोलायला लावण्यापेक्षा ते कितीतरी अधिक इमानाचे आहे.

कोणी म्हणेल, तीस वर्षे एका संतापाशी बसणे हीच तर श्रद्धा, तुम्ही तिला फक्त दुसरे नाव दिले. मला हे मान्य नाही. श्रद्धेचा विषय देव असतो, भाषांतरकाराच्या निष्ठेचा विषय दुसऱ्याचे वाक्य असते. दोन्ही निष्ठा पुष्कळदा एका दिशेने जातात. पण त्यांची वाट फुटते तेव्हा भाषांतरकाराने कोणाच्या बाजूने जायचे यावर त्याची पारख होते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण यासाठी मोलाचे आहे. त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा पराकोटीची होती. हातात मराठी बायबल होते, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी कॅरीपासून मराठी बायबलाची परंपरा शंभर वर्षांची झाली होती. नुसती श्रद्धाच पुरेशी असती तर तेवढ्यावर त्यांचे भागले असते. पण ती भाषा साध्या बायांना कळणारी नाही आणि त्यातल्या संस्कृत शब्दांमागून दुसऱ्याच धर्माचे अर्थ येतात, हे त्यांना खुपले. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये बसून त्यांनी मुळावरून संपूर्ण भाषांतर केले आणि १९२२ साली मरणाच्या उंबरठ्यावर ते पुरे केले. श्रद्धेने त्यांना चिकाटी दिली, हे मी आनंदाने मान्य करतो. पण अधिकार दिला तो हिब्रूच्या धातुपाठांनी.

आता राहिली नादाची गोष्ट. अभंग वाचायचा नसतो, म्हणायचा असतो, तो टाळाच्या ठेक्यावर जगतो, आणि इंग्रजी पानावर तो मुका होतो, असे वारकरी म्हणेल. हे नुकसान खरे आहे आणि ते कोणी भरून काढलेले नाही. नीला भागवत या गायिकेने गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातल्या मुंबईकर जेरी पिंटोंबरोबर बसून मराठी संतस्त्रियांचे अभंग इंग्रजीत आणले, तेव्हा कानाची बाजू निदान खोलीत हजर होती, एवढेच म्हणता येईल. पण नादाचा आक्षेप टोकाला नेला तर तो वारकरी पंथाच्याच मुळावर येतो. मंत्राचे सामर्थ्य अक्षरांत असते, म्हणून मंत्र बदलता येत नाही. पण गीतेला ज्ञानेश्वरांनी मंत्रासारखे वागवले नाही. १२९० साली नेवाशाला त्यांनी ती मराठीत आणली. त्याच काळात महानुभाव पंथात केशोबासांना संस्कृतात लिहायचे होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण पंथसंस्थापक स्वामींच्या मागे आलेल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळले नसते. पुढे त्याच पंथाने ग्रंथ सकळ लिपीत बांधून ठेवले आणि शतकानुशतके महाराष्ट्र ‘लीळाचरित्रा’ला मुकला. दार उघडे ठेवण्याने आणि बंद करण्याने काय होते, याचे दोन्ही धडे एकाच पंथाच्या इतिहासात आहेत.

अर्थात ज्ञानेश्वरांचा दाखला देऊन सुटका होत नाही. ज्यांना वंचित ठेवले गेले होते त्यांच्याकडे त्यांनी ग्रंथ नेला. इंग्रजीकडे जाणारा भाषांतरकार उलट्या दिशेने, सत्तेच्या आणि पैशाच्या भाषेकडे जातो. हा फरक मोठा आहे आणि दोन्ही कामांना एकच पुण्य लावणे बरोबर नाही. पण आज वंचित कोण, हेही बघायला हवे. न्यूजर्सीत किंवा लंडनमध्ये वाढलेली मराठी घरातली नात आजीचा हरिपाठ ऐकते आणि त्यातले अक्षरही तिला कळत नाही. पुण्यामुंबईतच कशाला, आता तालुक्याच्या गावीही इंग्रजी शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला गाथेची भाषा परकी होत चालली आहे. शिवाय दुसऱ्या भाषेत गेल्याने संतवाणीचे पावित्र्य उणे होत नाही, याची साक्ष नामदेवच देतात. त्यांच्या नावावरची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ती मराठी नाहीत, आणि कोट्यवधी शीख त्यांपुढे माथा टेकतात.

अलीकडे अधिकाराचा प्रश्न श्रद्धेच्या जागी जन्म आणि अनुभव ठेवून विचारला जातो. २०२० साली डच लेखक लुकास रायनेवेल्ड यांच्या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. कडक सुधारणावादी ख्रिस्ती शेतकरी घरातल्या मृत्यूची ती गोष्ट. भाषांतरकार मिशेल हचिसन यांच्याबरोबर ५० हजार पौंड निम्मेनिम्मे वाटले गेले. पुढच्याच वर्षी रायनेवेल्ड भाषांतरकाराच्या भूमिकेत आले. अमांडा गोरमन या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्रीची कविता डचमध्ये नेण्यासाठी प्रकाशकाने त्यांना निवडले. कृष्णवर्णीय भाषांतरकार का नाही, अशी टीका झाली आणि त्यांनी ते काम सोडले. आपल्याकडे हा प्रश्न चोखोबांपाशी येतो. रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी चोखोबांचे अभंग इंग्रजीत आणले. मंगळवेढ्याला वेशीच्या कामात भिंत अंगावर पडून मेलेल्या, देवळाच्या पायरीपलीकडे न गेलेल्या माणसाचे बोल दुसऱ्याने सांगावेत का? मला वाटते, इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कोणाला काम मिळते, कोणाचे नाव छापले जाते, कोणाला दारात उभे केले जाते, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्यात टीकाकारांचे म्हणणे बरोबर आहे. कोणाला ते वाक्य समजू शकते हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर जन्मावरून दिले की आपण पुन्हा त्याच पायरीपाशी येतो, जिथे चोखोबांना उभे केले होते.

परंपरेने स्वतः या बाबतीत काय मानले होते ते तिच्या लेखनिकांवरून समजते. ज्ञानेश्वरांचे सच्चिदानंदबाबा, चोखोबांचे अनंतभट, तुकोबांचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ. चोखामेळ्याचे शब्द एका ब्राह्मणाने लिहिले, वाण्याचे शब्द चाकणच्या तेल्याने लिहिले, आणि जनीचे अभंग पांडुरंगाने लिहून घेतले अशी श्रद्धा आहे. दुसऱ्याचे बोल आपल्या हाताने जसेच्या तसे उतरवणे हे काम देवाला शोभणारे आहे, इतका मान या पंथाने त्या कामाला दिला. त्या हाताकडून त्याने जात मागितली नाही. आज मात्र त्या कामाची आपण फार कमी किंमत करतो. कीर्तनकाराला बिदागी मिळते, गायकाला मानधन मिळते, संतवाणीच्या भाषांतरकाराला मात्र ‘सेवा आहे ही’ म्हणून परत पाठवले जाते. नेदरलँड्समध्ये परदेशी प्रकाशकाला भाषांतरकाराच्या मानधनासाठी सरकारी साहित्यनिधीतून मदत मिळते, म्हणून तिथे डचमधून इंग्रजीत भाषांतर करून एखाद्याला आयुष्य काढता येते. आपल्याकडे ॲबटला पेन्शनीतले दिवस होते, गांधीजींना येरवड्याचा तुरुंग होता (आश्रम भजनावलीतली पदे त्यांनी मीराबेनसाठी १९३० साली तिथेच इंग्रजीत केली), आणि बाकीच्यांना नोकरी करून उरलेली रात्र. काम दीर्घ अभ्यासाचे आहे असे मानायचे आणि त्या अभ्यासासाठी वेळ मात्र द्यायचा नाही, हे धार्मिक दृष्टीनेही योग्य नाही.

आणि या अभ्यासाचा पहिला भाग तर अजून मराठीतच व्हायचा आहे. जनीचे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने आपल्यापर्यंत आले. कोणता तिचा, कोणता नंतरच्या कोणी तिच्या नावाने रचलेला, यावर आवृत्तीगणिक मत बदलते. इंग्रजी वाचकाला यातले बहुधा काहीच सांगितले जात नाही, त्याच्यापुढे एक आटोपशीर कवयित्री ठेवली जाते. परभणीच्या विद्यार्थ्याने गंगाखेडच्या बाईचे इंग्रजी पुस्तक उघडले तर समोरच्या पानावर मूळ अभंग असावा, खाली आवृत्तीचे नाव आणि अभंगाचा क्रमांक असावा, आणि भाषांतरकाराला ज्या गायकाने, बुवाने किंवा जात्यावरच्या बाईने अर्थ उलगडून दाखवला तिचे किंवा त्याचे नाव मुखपृष्ठावर नसले तरी आत ठळक छापलेले असावे.